अंदाज माझे, रविवार त्यांचा

शुक्रवारी संध्याकाळी मी पोळ्या करत असले की आमचे हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. हातात मोबाइल, आवाज लोण्यासारखा. "अगं, या वेळचं काय?"

मी पोळी उलटता उलटता सांगायचे. लालवाले दोन, निळेवाले एक. पांढऱ्यांची बरोबरी, कारण त्यांचा पुढचा खेळाडू पायाला पट्टी बांधून बसलाय. हे भराभरा टाइप करायचे. जाता जाता तेवढी ताटं घ्या म्हटलं, तर "आलोच" म्हणून जे जायचे ते थेट जेवायलाच उगवायचे.

बडोद्यात वासण्याला आमची सोसायटी. तिथल्या पुरुषांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता, इंग्लंडातल्या फुटबॉलचे अंदाज सांगायला. प्रत्येकाने शुक्रवारी आपले गोल कळवायचे, शनिवारी मॅचेस बघायच्या, आणि ज्याचे जास्त बरोबर येतील त्याने रविवारी सकाळी कॉमन प्लॉटमध्ये आपल्या आवडीची गाणी लावायची. कॉमन प्लॉट म्हणजे सोसायटीच्या मधली मोकळी जागा. रविवारी तिथे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, गरम फाफडा-जलेबी यायची आणि सोसायटीचा मोठा स्पीकर बाहेर निघायचा. गरब्याला तोच स्पीकर, लग्नाला तोच, आणि कुणी गेलं की बेसण्याला, म्हणजे इथल्या शोकसभेलाही तोच.

ह्यांचं घराणं जुनं बडोद्याचं, मांडवीकडचं. पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, हे मला लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर वरचेवर सांगण्यात आलं आहे. फुटबॉलमधलं मात्र त्या घराण्यात कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीला हे जर्सीचा रंग बघून अंदाज द्यायचे. पिवळा शुभ म्हणून पिवळ्यांना चार गोल! ग्रुपमध्ये यांची इतकी टिंगल व्हायची की रविवारी हे फाफडा घरी मागवायला लागले. एका शुक्रवारी मला दया आली आणि मी म्हटलं, "अहो, असं नाही, असं लिहा." तिथेच माझं चुकलं.

कारण मला फुटबॉल कळतो. माझे वडील रेल्वेत होते, नोकरीसाठी खानदेशातून बडोद्याला आले, प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं. रेल्वेच्या टीमची मॅच असली की वडील मला मैदानावर न्यायचे. सगळे चेंडूकडे बघत ओरडायचे, आणि वडील म्हणायचे, "ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ. गोल तोच करणार आहे." दुसरी गोष्ट त्यांनी दिली ती सारंगी. वाजवायची नव्हे, ऐकायची. रविवारी सकाळी रेडिओवर सारंगी लागली की आमच्या घरात भांडंसुद्धा वाजवायचं नाही. वडील दाढीचा साबण गालावर तसाच वाळू देऊन ऐकत बसायचे, आणि त्यांच्या शेजारी मी.

तर माझ्या अंदाजांवर हे जिंकायला लागले. एकदा नाही, दोनदा नाही, ऊठसूट. आणि जिंकून काय लावायचे? आपल्या कॉलेजच्या काळातलं ते डिस्को! ढिंच्यॅक ढिंच्यॅक करत सकाळी सकाळी माझ्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. खाली सगळे यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वाह, पंडितजी!" आणि आमचे पंडितजी तोंडात जलेबी घेऊन मान डोलवायचे. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत असायचे. एखादा चिमटा असा दाबून लावायचे की मोडायचाच.

शेवटी मी म्हटलं, मलाच त्या ग्रुपमध्ये घ्या की. हे हसले. "तू कशाला त्या गोंधळात? सगळे जेन्ट्स आहेत." मी हटले नाही. रविवारी खाली जाऊन सगळ्यांसमोर विचारलं. ग्रुप चालवणारे शेजारचे भाई भले माणूस, पण तेही म्हणाले, "भाभी, आ फूटबॉल छे, तमने नहीं फावे." नहीं फावे! मला जमणार नाही म्हणे! जमत नाही ते यांना, आणि हे तिथेच, माझ्या शेजारी उभे होते. बुटाच्या नाडीत एकदम काहीतरी बिघाड झाल्यासारखे खाली वाकले. त्या दिवशी मला इतका संताप आला की मी दिवसभर यांच्याशी बोलले नाही, आणि ते यांच्या संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही.

मला फार काही नको होतं. एक रविवार हवा होता. अंदाज माझ्या नावावर, आणि स्पीकरवर माझी सारंगी. बस.

मग मी सूड घ्यायचा ठरवला. पुढच्या शुक्रवारी हे दारात आले, तशी मी मुद्दाम उलटंसुलटं सांगितलं. पहिल्या नंबरवरची टीम हरणार. तळाची टीम तीन गोलांनी जिंकणार. ज्यांनी महिनाभर गोलाचं तोंड बघितलं नव्हतं ते चार घालणार. ह्यांनी भुवई वर केली. "नक्की?" म्हटलं, "अगदी नक्की." मनात म्हटलं, होऊ दे एकदा चांगली फजिती.

शनिवारी मी टीव्हीसमोर बसले आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पहिल्या नंबरवाल्यांच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला. तळाच्या टीमने एक, दोन, तीन. गोलाची तोंडओळख नसलेल्यांनी चार घातले! कपाळ माझं! इतके आठवडे डोकं चालवून सांगितलं तेव्हासुद्धा सगळं असं जुळलं नव्हतं. शेजारी हे सोफ्यावर उड्या मारत होते, आणि मोबाइल एकसारखा टुणटुणत होता. एकाने विचारलं, तुम्हाला हे कळतं कसं? माझ्यासमोर यांनी उत्तर बोलून पाठवलं, "अंतरातून येतं."

अंतरातून! डोंबल्याचं अंतर!

रविवारी हे झब्बा घालून निघाले तेव्हा मी दार अडवलं. "आज गाणं मी लावणार. नाही म्हणालात तर अंतरातून काय येतं ते मी खाली जाऊन सगळ्यांना सांगते." यांचा चेहरा पडला. जरा वेळाने म्हणाले, "लाव बाई. पण कुणी विचारलं तर मी लावलंय म्हणायचं." म्हणजे तेही त्यांचंच! पण सारंगी तरी होती. मी सासूबाईंना हाताला धरून खाली नेलं, पुढच्या खुर्चीत बसवलं, त्यांच्या हातात जलेबीची बशी दिली आणि माझ्या मोबाइलवरचा सारंगीवरचा राग तोडी स्पीकरला जोडला.

पहिला सूर लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. प्लॉटमधली बोलणी आपोआप हळू झाली. फाफडा मोडायचा आवाजही लोक बेताने करायला लागले. मला वाटलं, बघा, ऐकताहेत! हे स्पीकरपाशी हात पुढे बांधून उभे होते, चेहरा गंभीर, कारण त्यांना ते वाजणं काही केल्या सोसत नव्हतं.

तेवढ्यात गेटमधून मागच्या सोसायटीतलं एक वयस्क जोडपं आत आलं. काकांचा पांढरा झब्बा, काकींची पांढरी साडी. चपला त्यांनी लांबच काढल्या, हात जोडले आणि दोघं सरळ यांच्यासमोर येऊन उभी राहिली. काकांनी यांचा हात हातात घेतला. "बहु खोटुं थयुं, भाई. कशी खबरच नाही पडी. बा ऑफ थई गयां?"

फार वाईट झालं, आई गेल्या का? असं विचारत होते ते. आणि बा, म्हणजे आमच्या सासूबाई, पुढच्याच खुर्चीत जलेबी चावत बसल्या होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "काय म्हणताहेत रे?"

पांढऱ्या खुर्च्या, रविवारची सकाळ, हळू बोलणारी माणसं आणि स्पीकरवर तोडी. जवळून जाणाऱ्या कुणालाही बेसणंच वाटलं असतं. मग जो हशा उठला! माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. "पंडितजी, आ शुं वगाडो छो! कुणाचं बेसणं मांडलंत?" एकाने उठून माझी तोडी बंदच केली. हसण्यासारखं होतं हे मलाही कळत होतं, पण ती माझी रविवारची सकाळ होती, माझ्या वडिलांची होती.

आणि आमचे हे लालबुंद होऊन ओरडले, "अरे मैं नथी लगाया! हिने लावलंय! हिची आवड आहे ही! आणि ते अंदाजसुद्धा हिचेच असतात, सगळेच्या सगळे, मला काय विचारता!"

बघा, ज्यासाठी मी अख्खा सीझन तडफडले ते माझं नाव असं मिळालं मला. कौतुक होतं तोवर अंदाज यांचे. नाक कापलं जायची वेळ आली तेव्हा सगळं माझं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणाइतका राग मला या माणसाचा कधी आला नव्हता.

मग ग्रुपवाले भाई हळूच म्हणाले, "ओहो भाभी! तो पछी आवता शनिवारनुं कहो ने." पुढच्या शनिवारचं सांगा म्हणे. माझे अंदाज यांना हवे होते, माझी सारंगी नको होती.

मी म्हटलं, "आधी ती तोडी लावा. पूर्ण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही."

लावली त्यांनी. सगळे खुर्च्यांवर बसले, माना खाली, हात मांडीवर. पंचाईत नको म्हणून काका-काकीही बसले. एव्हाना ते खरोखरच बेसणं दिसत होतं, तरी मी हलले नाही. तोडी संपली तेव्हा काकींनी पदराने डोळे पुसले आणि मला हात जोडून त्या निघून गेल्या.

"हवे बोलो, भाभी," भाई म्हणाले. आता बोला म्हणे.

"शुक्रवारी सांगेन," मी म्हटलं. "माझ्या फोनवरून."

"आणि मी?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही जर्सीचे रंग बघा," म्हटलं, आणि सासूबाईंना हात देऊन उठवलं.