धरमपेठेतल्या अंगणातली ब्लूबेरी

“मॅडम, संत्रा वाढवण्यात माझी जिंदगी गेली. हे झुडूप काहून पिवळं पडून राहिलं?”

धरमपेठेतल्या अंगणात शेषरावकाका मला विचारत होते. त्यांनी डोंगरी भागातल्या नर्सरीतून ब्लूबेरीची पाच झुडपं मागवली होती. त्यातली दोन वाळली होती. नरखेडला संत्र्याचा बगीचा सांभाळणारे त्यांचे दोन भाऊ रोज फोन करून हसत होते.

मी घरगुती बागांची कन्सल्टंट. आधी मातीचा पीएच बघितला. पीएच म्हणजे माती किती आम्ल आहे हे सांगणारा आकडा. सात म्हणजे मधोमध, त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी. ब्लूबेरीला पाचच्या आसपास लागतो. नागपूरची काळी माती आठकडे झुकलेली. त्या मातीत लोह असूनही झुडपाला घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

मी झुडपं कुंड्यांत हलवली. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाइनची साल आणि आम्लता वाढवायला थोडं गंधक. वर सावलीसाठी हिरवी नेट. “बोअरचं पाणी एक थेंबही नको,” असं बजावलं. “टाकीत साठवलेलं पावसाचंच द्या.”

नवी पानं हिरवी आली. मी निर्धास्त झाले. ऑक्टोबरच्या उन्हात काकांचा फोन आला. “पुन्हा पिवळी होऊन राहिली, मॅडम. भाऊ म्हणतात, उपटून टाक.”

मी लगेच गेले आणि कुंडीतून निथळलेल्या पाण्यात पीएच मीटर बुडवला. आकडा सातच्या वर. मिश्रण मी माझ्या हातानं भरलं होतं. काका शपथेवर सांगत होते की सकाळी पावसाचंच पाणी देतो.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, कुसुमकाकू, बादली घेऊन आल्या आणि सरळ कुंडीत ओतू लागल्या.

“अवं, कुठचं पाणी हाय ते?” काका म्हणाले.

“आरओचं. दुपारी बिचारी सुकून जातात. मॅडमनं बोअरचं नाही म्हटलं, म्हणून मशीनचं घालून राहिली.”

“मशीनमधून निघतं ते शुद्ध की फेकायचं?” मी विचारलं.

“फेकाचं. शुद्ध तं आपण पितो.”

आरओ मशीन बोअरच्या पाण्यातले पीएच वाढवणारे क्षार वेगळे काढतं आणि ते सगळे त्या फेकायच्या पाण्यात जातात. म्हणजे काकू बोअरच्या पाण्याचा अर्कच घालत होत्या, तोही मायेनं. मला हसू आवरेना. मग काकूही हसल्या. ते पाणी फरशी पुसायला ठरलं. कुंड्यांत साठलेले क्षार भरपूर पावसाचं पाणी ओतून धुऊन काढले आणि दुपारची पाळी काकूंकडेच ठेवली, फक्त टाकीतल्या पाण्याची.

थंडी सरताना फुलं आली. मार्चमध्ये वाटीभर फळं निघाली. दोन्ही भाऊ नरखेडहून खास चाखायला आले. थोरल्यानं एक फळ बराच वेळ चघळलं.

“जांभळावानी लागते गा.”

“लागू दे,” काका म्हणाले. “पण मी पिकवलं हाय.”

“अन् पाणी मी घातलं,” काकू म्हणाल्या.

आता नव्या घरी गेले की मीटर लगेच काढत नाही, पर्समध्येच ठेवते. आधी घरातल्या सगळ्यांना बोलावते आणि विचारते, झाडांना पाणी कोण कोण घालतं?