चुकून राहिलेलं रोप

माझी आत्या एका संशोधन केंद्राच्या काचघरात बावीस वर्षं टोमॅटोची रोपं सांभाळते. पिकलेलं फळ ती रंगावरून ओळखत नाही. देठाच्या गाठीवर अंगठा टेकवते. फळ अलगद हातात आलं की पिकलं.

एका रोपाची फळं पिकूनही पिवळीच राहिली. "रोगट आहे, उपटून टाका," तिथल्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या. आत्याने ते कुंडीसकट पाण्याच्या टाकीमागे लपवून जगवलं आणि दोन महिन्यांनी बाईंच्या टेबलावर टोपलीभर फळं ठेवली.

"कापून बघा, पिकलीत."

बाईंनी त्यावर तीन वर्षं काम केलं. फळाला लाल रंग बनवायला लावणारा जीनच त्या रोपात बंद पडला होता, असं निघालं. बाईंच्या सत्काराला आत्या ठेवणीतले कपडे घालून गेली, मलाही घेऊन गेली. बाई माइकवर म्हणाल्या, "आमच्या कामगारांकडून हे रोप चुकून उपटायचं राहिलं. नशीब, माझी नजर गेली." लोक हसले. आत्यानेही टाळ्या वाजवल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

परवा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले, तेव्हा ती नको असलेली रोपं काढत होती. एकावरची कच्ची फळं चक्क जांभळी होती. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"आत्या, हे काहीतरी वेगळं आहे."

"आहे खरं," ती म्हणाली. मग तिने ते मुळासकट उपटून खताच्या ढिगावर टाकलं. "पण चुकून राहायला नको."