वक्र्यातला माझा नवरा

वक्र्याला राहायला जायचं मी ठरवलं, तेव्हा दोहाच्या नजमा भागातल्या माझ्या खोलीतल्या तिन्ही सोबतिणींनी विचारलं, "तिथे आहे काय?"

"बाथरूम," मी म्हटलं.

त्यांना तो विनोद वाटला. चार बायकांत एक बाथरूम, पहाटे साडेपाचपासून दाराबाहेर बादल्या, आणि आत जी असेल ती गाणं म्हणणार. तीन वर्षं मी ती गाणी ऐकली होती. ज्या खासगी क्लिनिकच्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचे, त्यांनी दोन हजार सालच्या सुमारास वक्र्याला शाखा काढली. तिकडे जायला कुणीच तयार होईना, म्हणून मी हात वर केला. समुद्राची ओढ, शांततेची हौस, असलं काही माझ्या मनात नव्हतं. पस्तिशी उलटलेल्या बाईला स्वतःची कडी लावता येईल असं एक दार हवं होतं, इतकंच.

दोहाहून वक्रा गाडीने वीस मिनिटांवर. पण आमच्या दोहाच्या मराठी मंडळींच्या बोलण्यात ते अंदमान होतं. दुहैल भागातल्या बंगल्यांच्या कंपाउंडमध्ये राहणाऱ्या, माझ्याच कऱ्हाडकडच्या एक वहिनी होत्या. नवरा मोठा इंजिनिअर, आणि त्याचं मोठेपण त्या स्वतःच अंगावर वागवायच्या. दरवर्षी मला हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि स्वयंपाकघरात डाळिंबं सोलायला बसवायच्या. "तुला काय गं, घरी कुणी वाट बघणारं नाही," असं म्हणत सगळ्यात शेवटी सोडायच्या. त्या म्हणाल्या, "एकटी त्या कोळ्यांच्या गावात? आईला काय तोंड दाखवशील?" माझं तोंड आईला छत्तीस वर्षं पाठ होतं. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

घर शोधताना मात्र माझी जिरली. जिथे जावं तिथे 'फक्त फॅमिली'. एकट्या पुरुषाला घर देत नसत, कारण तो शेजारच्या बायकांकडे बघेल. एकट्या बाईला देत नसत, कारण... हे वाक्य मात्र कुणीच पुरं करत नसे. मग लॅबच्या ड्रायव्हरने एका एजंटाची गाठ घालून दिली. हा मूळचा रत्नागिरीकडचा, वक्र्यात वीस वर्षं मुरलेला. टायपिंगच्या दुकानात लोकांचे अरबी अर्ज टाइप करायचा आणि जोडीला घरं दाखवायचा. मराठी ऐकून मला बरं वाटलं. चूक तिथेच झाली.

"ताई, तुम्ही काय बोलू नका," तो मला मालकाच्या दारात म्हणाला. "मी बोलतंय ना."

मालक सत्तरीचा म्हातारा, कमरेत वाकलेला, आवाज मात्र बोटीवरून किनाऱ्याला हाक मारल्यासारखा. त्याच्या वाड्याला लागून दोन खोल्यांचं एक जुनं घर होतं. अंगण, आणि अंगणाच्या कोपऱ्यात बाथरूम. मी बाथरूम बघितलं आणि बाकी काही बघितलं नाही. ते दोघं अरबीत बोलत होते. त्या बोलण्यात 'बहर' हा शब्द दोन-तीनदा आला. म्हातारा मान डोलवत होता. बहर म्हणजे समुद्र एवढं मला माहीत होतं. मला वाटलं, गच्चीवरून समुद्र दिसतो असं काहीतरी चाललंय. मी सही केली. म्हातारा तरुणपणी लाकडी जहाजातून मुंबईला जाऊन आलेला होता. त्या भांडवलावर तो मला हिंदीत म्हणाला, "तुम हमारा बेटी. बंबई अच्छा. ट्राम अच्छा."

कऱ्हाडची माणसं मुंबईची नसतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याने अंगणाच्या फाटकावर हाक मारली आणि हातात दोन मोठे मासे दिले. "तुम्हारा आदमी समंदर में," तो म्हणाला. "तो मछली हम देगा."

मी तशीच टायपिंगच्या दुकानात गेले. एजंट चहा पीत होता.

"काय सांगितलंस तू त्याला?"

"नवरा शिपवर आहे म्हणून सांगितलं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," तो शांतपणे म्हणाला. "ताई, हा दर्यावर्दी लोकांचा गाव. यांचे बाप, आजे, सगळे मोती काढायला महिनोन्‌महिने समुद्रात. बायका एकट्याच राहायच्या. नवरा दुबईला म्हटलं असतं तर शंभर प्रश्न विचारले असते. शिपवर म्हटल्यावर खलास." मग पिशवीकडे बघून म्हणाला, "मासे कुठचे? हमूर वाटतं."

मी मासे खात नाही. आमच्याकडे नदीचा मासासुद्धा कुणी घरात आणू देत नसे. तो मात्र खात होता. त्यानंतर दर आठवड्याला म्हातारा मासे द्यायचा आणि एजंट ते न्यायला यायचा, असा बिनबोभाट रतीब लागला. त्या खोट्यात त्याचं जेवण होतं. मी ते चालू दिलं, त्यात माझं बाथरूम होतं. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात मी पटाईत आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आणि खरं सांगायचं तर त्या नवऱ्याने मला जेवढा मान मिळवून दिला तेवढा बारा वर्षांच्या नोकरीने दिला नव्हता. रक्त द्यायला येणाऱ्या बायका माझ्याशी अदबीने बोलू लागल्या. तो कधी येणार, कुठल्या बंदरात आहे, हे मला विचारायच्या. माझ्याबद्दल कुणी काही विचारत नसे. निम्म्या गावाची साखर आणि कोलेस्टेरॉल मला तोंडपाठ होतं. कुठल्या बाईला हिमोग्लोबिन नाही आणि तरी सातवं मूल होणार आहे, तेही. पण गावाला कौतुक कशाचं, तर जो जन्मालाच आला नव्हता त्या माणसाचं.

बातमी दोहालाही पोचली. वहिनींचा फोन आला. "लग्न केलंस आणि आम्हाला कळवलं नाहीस? मर्चंट नेव्हीतला आहे म्हणे!" आवाजात दुखावलेपण होतं, आणि मर्चंट नेव्हीबद्दलचा आदरही. मी म्हटलं, "वहिनी, लग्न झालेलं नाही." "म्हणजे तसेच?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला. पुढच्या हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. डाळिंबं कुणी सोलली असतील कोण जाणे.

दीड वर्ष असं गेलं. एके दिवशी दुपारी मी लॅबमधून आले तर म्हातारा फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. चेहरा गंभीर.

"बेटी, बहुत दिन हुआ. आदमी आया नहीं. मेरा भतीजा पोर्ट में काम करता. वो पूछेगा. जहाज का नाम क्या?"

त्याच्या हातात कागद होता, पेन होतं. या माणसाने माझ्यासाठी आपला भाचा-पुतण्या कामाला लावायचं ठरवलं होतं. मला शरम वाटली. शरम वाटली की मी तिरसट होते, हा माझा जुना दोष.

"जहाज नहीं है," मी म्हटलं. "आदमी भी नहीं है."

म्हाताऱ्याने पेन खाली ठेवलं. हात वर करून काहीतरी पुटपुटला, डोळे पुसले आणि काठी टेकत आत निघून गेला. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

तासाभरात माझं अंगण काळ्या अबायांनी भरलं. म्हाताऱ्याची बायको सगळ्यांच्या पुढे. तिने मला छातीशी धरलं आणि मोठ्याने रडायला लागली. कॉफीची किटली आली, खजूर आले, चटया अंथरल्या गेल्या. जहाजही नाही, माणूसही नाही, याचा गावाने सरळ अर्थ लावला होता. माझा नवरा जहाजासकट बुडाला होता.

तेव्हा माझं अरबी भाजीबाजारापुरतं होतं. 'तो मेला नाही' असं म्हणावं, तर तो जिवंत ठरत होता. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं दुःखात जमा झालं. तिसऱ्या दिवशी मी लॅबला गेले, तर विधवा बाई घराबाहेर पडली म्हणून बायका रस्त्यात कुजबुजल्या. त्यांच्यात चार महिने दहा दिवस बसायचं असतं. ही हिंदी, हिच्यात तसं नसतं, असं म्हणून त्यांनीच मला माफही केलं. माफी मागायची संधी मात्र कुणी दिली नाही.

एजंट मासे न्यायला आला तेव्हा भलताच खिन्न होता. सुतकाच्या घरी मासे येणं बंद झालं होतं.

"ताई, तुम्ही त्याला मारलंत कशाला?" तो म्हणाला. "चांगला चालला होता."

मग मी लॅबमधल्या सुदानी नर्सकडून दोन वाक्यं अरबीत पाठ करून घेतली. शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्याच्या बायकोकडे गेले आणि म्हणून दाखवली. 'माझं लग्न झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं.'

हातातली वाटी तिने खाली ठेवली आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"कधीच नाही?"

"नाही."

"कुणी होऊ दिलं नाही?"

"मलाच नको होतं."

तिला राग आला. एजंटाचा नाही, लग्न न करण्याचाही नाही. ती म्हणाली, "मग मी तीन दिवस रडले ते कुणासाठी?"



म्हाताऱ्याने एजंटाला बोलावून काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो पुन्हा माझ्या फाटकाशी दिसला नाही. मला वाटलं, आता घर जाणार. मी कपडे भरायला घेतले. चौथ्या दिवशी दोन गवंडी आले. त्यांनी माझं अंगण आणि म्हाताऱ्याच्या घरातल्या बायकांचं अंगण यांच्यामधली भिंत फोडली आणि तिथे एक दार बसवलं. कडी त्यांच्या बाजूला. "अब तुम अकेला नहीं," म्हातारा मला म्हणाला. जगावर उपकार करतोय असा त्याचा चेहरा होता. स्वतःची कडी हवी म्हणून मी दोहा सोडलं होतं. मी माझ्या बाजूने त्या दाराला कपड्यांचं कपाट लावलं. दुसऱ्या दिवशी लॅबमधून परत आले, तर कपाट सरकवून बाजूला ठेवलेलं. पुन्हा लावलं, पुन्हा सरकवलं. आठवडाभरात मी हरले.

त्या दारातून ती म्हातारी यायला लागली, जेवणानंतर, मी लॅबच्या दुपारच्या सुट्टीत घरी असताना. मला वाटलं, पहारा करायला येतेय. ती यायची, बुरखा काढून खुंटीला लावायची, माझ्या पंख्याखाली आडवी व्हायची आणि पाच मिनिटांत घोरायला लागायची. तिच्या घरात तीन मुलगे, तीन सुना, नातवंडं आणि दर अर्ध्या तासाला कॉफी मागणारा म्हातारा. पलीकडून हाका यायच्या. ती एक डोळा उघडून मला बोटाने गप्प राहा म्हणून खुणवायची. मी गप्प राहायचे. एकदा उठताना तिने खोलीभर नजर फिरवली. एक पलंग, एक ताट, एक टॉवेल. आणि म्हणाली, "नको होतं म्हणालीस ना? शहाणी आहेस." दुसऱ्याच क्षणी दारात उभ्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात अल्लाने मला चांगला नवरा द्यावा म्हणून दुआ मागितली.

तिथे मी आणखी चार वर्षं राहिले. पुढे क्लिनिकने ती शाखा मोठ्या इमारतीत हलवली, मला पुन्हा दोहाला बोलावलं, आणि म्हाताऱ्याच्या मुलांना जुनी घरं पाडून फ्लॅट बांधायचे होते. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा म्हातारीने माझा पंखा मागून घेतला. तिच्या घरी एसी होता, चार होते. मी तो छतावरून काढून तिच्या हातात दिला. दोहात कुणी वक्र्याबद्दल विचारलं, तर मी तेव्हा सांगायचे, गाव भोचक आहे, वारा खारट आहे आणि बाथरूम चांगलं आहे. यातलं एकही खोटं नाही.