तास जुन्याच क्रमात राहिले

वर्तमानपत्र सोडल्यावर मी एका मोफत सॉफ्टवेअर लायब्ररीच्या, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल अशा तयार कोडच्या, गटात काम करू लागलो. प्रत्येक आकड्याबरोबर त्याचं लेबल कायम राहावं, हे या लायब्ररीचं काम. तक्त्यातल्या ओळीचं लेबल कधी दोन पातळ्यांचं असतं, उदाहरणार्थ ठिकाण आणि तास. असा तक्ता आत घेताना काय करायचं, यावर गटात बरेच दिवस वाद चालला. लायब्ररीच्या आत ही जोडी एकच असते. वापरणाऱ्याला मात्र दोन वेगळी लेबलं दिसतात. त्याने त्यातलं एकच बदललं, तर जोडी मोडते आणि आकडा भलत्याच तासाखाली जाऊ शकतो.

अशा वेळी प्रोग्राम थांबवावा, असं काहींचं म्हणणं होतं. मी नुसत्या इशाऱ्याच्या बाजूने बोललो. छपाई थांबवायची नाही, चूक सापडली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्तीची चौकट द्यायची, ही वर्तमानपत्राच्या डेस्कवरची सवय. माझं म्हणणं मान्य झालं.

विचुंब्यात आमच्या इमारतीत राहणारी एक शिक्षिका तळोज्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या वासाच्या नोंदी ठेवते. लायब्ररी तिला मीच सुचवली होती. तिने ठिकाणांची नावं बदलून नव्या क्रमाने लावली. तास जुन्याच क्रमात राहिले. आलेखात रात्रीचा वास दुपारी दिसू लागला. सोसायटीच्या सभेत तिने तो दाखवला आणि दुपारच्या पाळीत धूर सोडतात, असं सांगितलं. इमारतीतले काही जण त्याच पाळीला जातात.

घोळ तिलाच सापडला. लॅपटॉप घेऊन ती घरी आली.

"काका, हे इशारा वगैरे देत नाही का?"

"देतं. ती पिवळी ओळ."

"पिवळ्या ओळी रोजच येतात. वाचतं कोण?" लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "समोरच्या फ्लॅटमधले दादा लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहतात."

त्या संध्याकाळी मी गटाला लिहिलं, की इशारा पुरेसा नाही, इथे प्रोग्राम थांबायलाच हवा. कारण म्हणून 'एका वापरकर्तीचा अनुभव' एवढंच दिलं. इशाऱ्याचा आग्रह कोणाचा होता, ते लिहिलं नाही. बदल मंजूर झाला. एकाने आभारही मानले.

पुढच्या सभेत ती उभी राहिली. "मागच्या वेळचा आलेख चुकीचा होता. वास रात्री येतो. चूक माझी आहे." लायब्ररीचा विषयही तिने काढला नाही.

समोरच्या फ्लॅटमधले दादा म्हणाले, "म्हणजे आता शिव्या रात्रपाळीवाल्यांनी खायच्या का, मॅडम?"

लोक हसले. ती खाली बसली. या विषयावर आणखी कोणाला बोलायचं आहे का, असं सचिवांनी विचारलं. मी मागच्या रांगेत होतो. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मग पाण्याच्या टँकरचा विषय सुरू झाला.