मिशीखालची गाठ

माझ्या मिशीची कीर्ती रामनगरपासून उळवीपर्यंत. जत्रेत चुकलेली माणसं तिच्या सावलीला येऊन एकमेकांना भेटायची, एवढं सांगितलं तरी पुरे. पण तिच्या आडोशाला, वरच्या ओठावर, एक टणक गाठ वाढत होती, हे फक्त बायकोला ठाऊक. दुखत नव्हती, खुपत नव्हती. मोहरीएवढी होती ती करवंदाएवढी झाली, तेव्हा बायकोनं मला ओढतच बेळगावला नेलं.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी गाठ दाबून पाहिली. साधी वाटते म्हणाल्या, पण नुसतं बघून कॅन्सर नाहीच असं सांगता येत नाही. अख्खी काढून तपासायला पाठवू. त्यासाठी आधी मिशी उतरवा.

कॅन्सर ऐकून मी हललो नाही. मिशी ऐकून खुर्चीतून उठलो. आमच्याकडं मिशी उतरते ती बाप गेल्यावर, आणि माझे अप्पा तर नव्वदीतही खळ्यावर बसून अख्ख्या गावाला शिव्या घालत होते. विचार करून येतो म्हटलं, आणि सुपा धरण आटेपर्यंत विचार करायचं ठरवलं.

घरी पोचताच बायकोनं सगळं अप्पांच्या कानावर घातलं. अप्पांनी मला समोर बसवलं, मिशी सारून गाठ चाचपली. मग वस्तरा मागितला.

"मी जिता हाय न्हवं? मग मीच काढतो. कुणाला काय म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणू दे."

"अप्पा, हात कापतोय तुमचा."

"कापू दे. तू हलू नको."

दुसऱ्या दिवशी दोघंतिघं सांत्वनाला आलीच. त्यांना चहा अप्पांनीच पाजला.

गाठ निघाली, तपासणी झाली. निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा माझ्यापेक्षा उजळ होता. कॅन्सर नाही, निरुपद्रवी मिश्र गाठ. घामाच्या ग्रंथीतून उगवलेली, पण आत कानाच्या मऊ हाडासारखा, म्हणजे कूर्चेसारखा, ऐवजही. फार दुर्मिळ. आजवर पुस्तकातच पाहिली होती म्हणाल्या. मी त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं सांगायला लावलं; बाकावर अप्पा बसले होते. अप्पांनी डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले. दवाखान्याची फरशी आरशासारखी होती.

मिशी पुन्हा आली, व्रणावर मात्र केस उगवले नाहीत. पार दिग्गीहून पाहुणा आला तरी अप्पा त्या फटीवर बोट ठेवतात.

"वाघ काय, कुणाच्याबी रानात गावतो. असली गाठ आमच्याच घरात."