आरोपी क्रमांक तीन

चेंबरमध्ये आलेली बाई उभ्यानंच भिंतीवरची माझी सनद न्याहाळत होती. तिच्या मुलाला पोलिसांनी मोर्चातून उचललं होतं. “अशा केसेस लढल्यात ना तुम्ही?” तिनं विचारलं.

वकिली मला त्या सनदेनं शिकवली नाही. पहिल्याच जामीन अर्जावर बोलताना मी माझ्याच अशिलाला ‘आरोपी क्रमांक तीन’ म्हणत राहिले. मागच्या पिंजऱ्यातून तो म्हणाला, “बाई, निदान तुम्ही तरी नाव घ्या.” तेव्हापासून माझा युक्तिवाद अशिलाच्या नावानंच सुरू होतो, न्यायाधीशांच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी. माणसाचा आकडा पाच मिनिटांत होतो. आकड्याचा पुन्हा माणूस करायला वर्षं लागतात, पण मी करते.

“लढलेय,” मी पेन उघडलं. “आधी मुलाचं नाव सांगा.”

तिनं बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, आणि मगच खुर्ची ओढून बसली.