मॅडम आल्या की सुरू, गेल्या की बंद

"मॅडम आल्या का सुरू होते, मॅडम गेल्या का बंद होते. आता तुम्हीच सांगा नरेशभाऊ, हे कॉम्प्युटर आहे का पाळलेलं कुत्रं?"

लांजेवार सरांचा हा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या माझ्या दुकानात एका प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. मला हसू आलं. सर हसले नाहीत.

सर म्हणजे सानगडीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. शाळेचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. ऑफिसात एकच कॉम्प्युटर, आणि तो चालवायच्या शाळेच्या क्लार्क, मेश्राम मॅडम. आधी त्यात विंडोज होतं. व्हायरसनं ते पार पोखरलं, तेव्हा सरांच्या इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्यानं सुटीत येऊन लिनक्स टाकून दिलं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं मुख्य सॉफ्टवेअर, पण फुकट मिळणारं. तेव्हापासून हे सुरू झालं होतं. मॅडम असल्या की मशीन चालायचं. मॅडम सुटीवर गेल्या की काळा पडदा.

"मी मेमो काढून राहिलो," सर म्हणाले. "आपल्याशिवाय ऑफिस चालू नाही म्हणून मॅडमनं काहीतरी करून ठेवलं आहे. तुम्ही या, पाहा, आणि लेखी द्या."

मेमो म्हणजे नोकरीतला लेखी जाब. तो फायलीला लागला की माणसाच्या मागं आयुष्यभर लागतो. आणि तो माझ्या कागदावर निघणार होता. मी मोटारसायकल काढली.

गेलो तर मॅडमची खुर्ची रिकामी. त्यांच्या पोरीचं बाळंतपण जवळ आलं होतं. पोरगी दिलेली बपेऱ्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. त्या आजपासून रजेवर होत्या. मागच्या वेळी निघाल्या तर सरांनी त्यांना साकोलीच्या स्टँडवरून परत बोलावलं होतं, असं शिपाई सुखदेवभाऊ हळूच सांगून गेले.

मी बटन दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली, 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम'. म्हणजे मशीन म्हणतं, मी जागा झालो, पण मला चालवणारं सॉफ्टवेअर सापडत नाही.

आता इथं थोडं समजून घ्या. कॉम्प्युटर सुरू होताना आधी एक छोटासा प्रोग्राम वाचतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो सांगतो, बाबा, लिनक्स अमुक जागी आहे, तिकडं जा. बूटलोडर नसला तर लिनक्स जागेवर असूनही मशीनला दिसत नाही. माझ्या मनात पहिली शंका तीच आली, आणि मीच ती खोडली. बूटलोडर नसता तर मॅडमच्या हातानंही मशीन सुरू झालं नसतं. काल तर दिवसभर चाललं होतं. हा हिशेब मला फार पक्का वाटला आणि त्यानंच मला पुढं फिरफिर फिरवलं.

मग लूज कनेक्शन असणार. डबा उघडला. हार्ड डिस्कची वायर बदलली. रॅमची पट्टी काढून खोडरबरनं घासली. बटन दाबलं, तीच ओळ. शेवटी माझ्या पेन ड्राइव्हवर एक चालतं लिनक्स होतं, ते लावून मशीन सुरू केलं आणि आतली हार्ड डिस्क पाहिली. सगळं जागच्या जागी. मुलांची नावं, पगारपत्रकं, सगळं. माझा पेन ड्राइव्ह काढला, परत सुरू केलं, परत तीच ओळ. माझं डोकं चक्रावलं.

"सापडलं का पासवर्ड वगैरे?" सरांनी विचारलं.

"पासवर्ड नाही सर. पासवर्ड असता तर मागितला असता."

"मग आणखी काही चालाखी असन. बोलावतोच त्यायले."

"राहू द्या न सर, त्या निघाल्या असतील."

"बोर्डाले मुलांची माहिती आजच पाठवाची आहे. ते कोण पाठवन, तुम्ही?"

मॅडम आल्या. हातात प्रवासाची पिशवी, खांद्याला पर्स, चेहरा उतरलेला. मी दारात सरांशी बोलत होतो, तेवढ्यात त्या टेबलाशी गेल्या, खाली वाकल्या, खुर्चीवर बसल्या. मी वळून पाहिलं तर पडद्यावर लिनक्स आलेलं.

घ्या.

"मॅडम, काय केलं तुम्ही?"

"बटन दाबलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय दाबलं होतं?"

मी त्यांना उठवलं. बंद केलं, माझ्या हातानं सुरू केलं. झालं सुरू! त्यांना बाहेर व्हरांड्यात पाठवलं, पुन्हा सुरू केलं. तरीही झालं. सर माझ्याकडे पाहायला लागले, जसं काही मीच सकाळपासून नाटक करत होतो. मी मनात म्हटलं, चला, माझी वायर बदलणं कामी आलं असेल, थोड्या उशिरानं.

मॅडमनी माहिती पाठवली, कॉम्प्युटर बंद केला, आपलं सामान आवरलं आणि म्हणाल्या, "जाऊ का सर? भंडाऱ्याची गाडी निघून जाईन."

"थांबा," सर म्हणाले आणि त्यांनी स्वतः बटन दाबलं. काळा पडदा. तीच ओळ.

सुखदेवभाऊ दारातून म्हणाले, "मशीनीले हात वळखू येते जी. आमची गाय अशीच होती, बायकोलेच दूध देत जाये."

"सर, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली असेल," मी म्हटलं.

"रोजच कावळा बसते का नरेशभाऊ?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, मले तर हे बंद कसं करावं अन् चालू कसं करावं एवढंच येते. मी कायले काही करीन? तिकडं पोरगी वाट पाहून राहिली."

मला त्यांचं वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. इतकी वर्षं हा धंदा करतो आणि गायीच्या गोष्टीवर विश्वास ठेवायची पाळी आली. मी म्हटलं, "मॅडम, एक काम करा. तुम्ही रोज सकाळी येता तशा या. दारातून. एकही गोष्ट सोडू नका."

त्या दाराबाहेर गेल्या आणि आत आल्या. पिशवी ठेवली. पर्स उघडली. टेबलाखाली वाकल्या. उठून पदरानं स्क्रीन पुसला. बटन दाबलं. लिनक्स आलं.

"खाली वाकून काय केलं?"

"पेन ड्राइव्ह लावला. समोरची जागा मोडली आहे न, तर मागूनच लावा लागते. म्हणून आल्याबरोबर लावतो, जाताना काढतो. पोरीनं घेऊन दिला आहे, इथं कसा सोडू?"

"यात काय आहे?"

"माझं टाइपिंग."

उघडून पाहिला. खरंच, टाइपिंगच होतं. दुसरं काही नाही. मी पुन्हा गोंधळलो. मग विचारलं, "हा कधी कोणाला दिला होता?"

"सरांच्या भाच्याले. लिनक्स टाकाले त्यानंच नेला होता. नंतर कोरा करून दिला."

आता लख्ख दिसलं. भाच्यानं या पेन ड्राइव्हवरून लिनक्स हार्ड डिस्कवर टाकलं, पण टाकताना बूटलोडर कुठं ठेवायचा याच्या जागी हार्ड डिस्कऐवजी पेन ड्राइव्हच निवडला गेला. बूटलोडर पेन ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या कोपऱ्यात बसतो. तो फायलींमध्ये दिसत नाही आणि पेन ड्राइव्ह नुसता कोरा केला तर पुसलाही जात नाही. मशीन सुरू होताना तो तिथूनच वाचायचं. म्हणजे घर शाळेत, आणि घराची चावी मॅडमच्या पर्समध्ये. चावी आपल्याजवळ आहे हे त्या बिचारीला माहीतच नाही.

पेन ड्राइव्ह काढला, बंद. लावला, सुरू. सरांना त्यांच्याच हातानं करून पाहायला लावलं. मग लिनक्समध्ये जाऊन एक कमांड दिली आणि बूटलोडर हार्ड डिस्कवर बसवला. चहा येईपर्यंत काम झालं होतं.

सरांनी बराच वेळ चहा फुंकला. मग म्हणाले, "बरं झालं. रिपोर्टात 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहा. भाच्याचं नाव कायले टाकता."

"भाच्याचं नाव नकाच लिहू भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पोरगं आहे, चुकलं. माझं लिहा. मेश्राम मॅडमनं काही केलं नव्हतं, एवढं लिहा."

"त्याची काय गरज आहे मॅडम?"

"मेमोत टाकाची गरज होती न, सर?"

मी मॅडमनी सांगितलं तेच वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि कागद सरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो वाचला आणि फायलीला लावला. मॅडमची गाडी गेली होती, म्हणून मी त्यांना मोटारसायकलवर साकोलीपर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा बपेऱ्याहून फोन आला. नात झाली होती, दोघी बऱ्या होत्या.

"सकाळीच सरांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, परत बोलावते का काय. उचलाचीच हिंमत नव्हती."

"मग?"

"म्हणाले, मशीन सुरू झालं मॅडम, तुम्ही रजा पुरी करून या."

"माफी मागितली का?"

"नाही. पण बराच वेळ फोनही नाही ठेवला."

मेमो निघाला नाही. आता कोणी मला म्हणालं की अमुक माणूस असला तरच मशीन चालते, तर मी आधी त्या माणसाची पर्स पाहतो. त्याची नियत पाहायला लोक भरपूर आहेत.